चोराला काठी, साहेबाला खुर्ची

चोर सापडला की तुमचे हात शिवशिवतात. साहेब सापडला की तुमचीच मान खाली जाते. का? मला उत्तर हवंय. आणि उत्तर देताना पायाच्या अंगठ्याने माती उकरू नका. गृहपाठ केला नसला की शाळेतही तुम्ही हेच करायचात.

मोटारीची केबल कापताना एक पोरगा सापडला. विशीच्या आतला. तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं, भंगारवाल्याने फार तर दोन-अडीच हजार दिले असते. तुम्ही त्याला खांबाला बांधलंत. कुणी कमरेचा पट्टा काढला, कुणी ठिबकच्या पाइपचा तुकडा आणला. एकाने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्याची केबल होती तो शेतकरी बाजूला उभा राहून म्हणत होता, आता बास करा. त्याचं कुणी ऐकलं नाही. पोराचा हात सुजून टम्म झाला, मग कुणाला तरी पौडला पोलिसांना फोन करायचं सुचलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक साहेब लाच घेताना सापडला. वारसनोंदीसाठी. नवरा वारलेला, बाईला स्वतःचं आणि पोरांचं नाव सातबाऱ्यावर चढवायचं होतं, त्याचे पैसे. वारसनोंद म्हणजे कुणी केलेला उपकार नव्हे. मृत्यूचा दाखला द्यायचा, वारसांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही की मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हा हक्क आहे. त्या बाईने महिनोन् महिने खेटे घातले. प्रत्येक हेलपाट्याला एसटीचं भाडं गेलं आणि त्या दिवसाची मजुरी गेली ती वेगळीच. शेवटी ती लाचलुचपतवाल्यांकडे गेली. त्यांनी पावडर लावलेल्या नोटा दिल्या, पंच बसवले आणि साहेबाला रंगेहाथ धरलं.

त्या संध्याकाळी टपरीवर तुम्ही काय बोलत होतात? सगळं माझ्या कानांवर पडलंय. "माणूस चांगला होता हो." "कुणीतरी मुद्दाम अडकवला." "त्याची पोरगी बारावीला आहे, तिच्या मनावर काय परिणाम होईल!" आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, "बाईनेही जरा समजून घ्यायला हवं होतं."

काय समजून घ्यायला हवं होतं? बोला ना. केबल कापणाऱ्याला आई नव्हती? त्याची बहीण शाळेत जात नव्हती? तिच्या मनावर काय परिणाम होईल हे पट्टा उगारताना कुणाच्या डोक्यात आलं नाही. साहेबाच्या पोरीची काळजी मात्र तुम्हाला रात्रभर पुरली.

केबलचोराची बाजू मी घेत नाही. ऐन उन्हाळ्यात मोटार बंद पडली की उभं पीक करपतं, ते मला तुम्ही शिकवू नका. त्याने गुन्हा केला, त्याला कायद्याने शिक्षा व्हावी. पण कायदा काय म्हणतो ते एकदा तरी वाचलंत? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल परत केलेला असेल, तर शिक्षा आहे समाजसेवेची. समाजसेवेची! तुम्ही त्याचा हात मोडायला निघाला होतात.

आता त्याच कायद्याची दुसरी बाजू बघा. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. तीच चोरी घरच्या नोकराने मालकाच्या मालाची केली तर सात वर्षं. आणि विश्वासाने हवाली केलेल्या मालाचा किंवा पैशाचा सरकारी नोकराने, बँकवाल्याने, दलालाने अपहार केला तर थेट जन्मठेपेपर्यंत. जुन्या दंड संहितेतलं हे कलम ४०९. सन १८६० पासून आहे, नव्या संहितेतही कायम ठेवलंय. रक्कम तीच, शिक्षा तीनाची जन्मठेप. कशामुळे? तुम्ही त्याच्यासमोर दाराला कडी लावत नाही, म्हणून. चोराविरुद्ध तुमच्याकडे कुलूप आहे, कुत्रा आहे, शेजारी आहे. तुम्हीच ज्याच्या हातात किल्ली दिली त्याच्याविरुद्ध काय आहे? म्हणून कायदा तिथे जास्त कडक होतो. दीडशे वर्षांपूर्वी परक्या राज्यकर्त्याला हे उमजलं. तुम्हाला उमजत नाही, असं मी म्हणणारच नाही. तुम्हाला पक्कं उमजतं. तुम्ही डोळ्यांवर कातडं ओढून घेता.

"पण सर, चोर सराईत असतो. साहेबाची पहिलीच चूक."

पहिली चूक? पहिल्यांदा सापडला, असं म्हणा. ज्याच्या टेबलावर वारसनोंदीचा दर वेगळा, खरेदीखताच्या नोंदीचा वेगळा, बोजा उतरवायचा वेगळा, तो नवशिका कसा? दर ठरायला किती वेळा घ्यावे लागतात? आणि तो दर तुम्हाला तोंडपाठ आहे. नवीन माणूस विचारायला आला तर तुम्हीच त्याला सांगता, "एवढे ठेव, काम होऊन जाईल." म्हणजे तो सराईत आहे हे तुम्हाला गेली कित्येक वर्षं माहीत होतं. केबलचोराचं नाव तर तुम्हाला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं.

पदवी असली म्हणजे माणूस सराईत होत नाही, या भ्रमात राहू नका. परळीच्या डॉ. सुदाम मुंडेला मुलींचे गर्भ पाडल्याच्या प्रकरणात, मे २०१२ मध्ये एक बाई त्याच्या दवाखान्यात दगावल्यावर, अखेर फेब्रुवारी २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. जामिनावर बाहेर आल्यावर २०२० मध्ये तो पुन्हा दवाखाना चालवताना सापडला. तिथे पेशंट होते. सगळ्या महाराष्ट्राने ज्याचं नाव वर्तमानपत्रात वाचलं होतं, त्याच्याच दारात माणसं जाऊन बसली होती. एखाद्या चोराने तुरुंगातून सुटल्यावर किराणा दुकान टाकलं तर तुम्ही त्याच्याकडून मीठ तरी घ्याल का?

आता जरा अवघड ठिकाणी बोट ठेवतो. चोराला पोलिसानेच मारून टाकलं की तुम्ही पेढे वाटता. "गेला एकदाचा, घाण गेली." ही वाक्यं माझ्या वर्गात बसलेल्या पोरांच्या तोंडची आहेत, म्हणून जास्त झोंबतात.

लखनभैयाचं प्रकरण नीट वाचा. रामनारायण गुप्ता त्याचं खरं नाव. छोटा राजनच्या टोळीशी संबंध असल्याचा आरोप, अंगावर गुन्हे. तुमच्या हिशेबी हा मरायच्याच लायकीचा. ११ नोव्हेंबर २००६ ला त्याला आणि त्याचा मित्र अनिल भेडा याला वाशीतून उचललं. लखनभैयाचा भाऊ वकील. त्याने त्याच दुपारी वरिष्ठांकडे तारा धाडल्या, फॅक्स केले: भावाला पोलिसांनी नेलंय, त्याच्या जिवाला धोका आहे. संध्याकाळी वर्सोव्यात नाना-नानी पार्कपाशी चकमक झाल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. लखनभैया मेला होता.

भावाने तारा केल्या नसत्या तर काय झालं असतं? कागदावर एक शूर कारवाई उरली असती. तुम्ही ती वाचून टाळ्या वाजवल्या असत्या. पण तारेवर वेळ असते. दुपारी उचललेला माणूस संध्याकाळी पिस्तूल घेऊन वर्सोव्यात कसा पोहोचतो, याचं उत्तर कुणाला देता आलं नाही. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने एकवीस जणांना जन्मठेप दिली. त्यातले तेरा पोलीस होते. खटला कसा चालला तेही ऐका. ज्याला लखनभैयासोबत उचललं होतं तो अनिल भेडा मुख्य साक्षीदार. साक्षीची वेळ जवळ आली तेव्हा, मार्च २०११ मध्ये, तो नाहीसा झाला आणि नंतर त्याचं प्रेत मिळालं. दोषी ठरलेल्यांपैकी अकरा पोलिसांची शिक्षा राज्य सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये तहकूबही केली होती. याच खटल्यातला आरोपी, पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा, २०१३ च्या निकालात निर्दोष सुटला होता आणि २०१९ मध्ये नालासोपाऱ्यातून विधानसभेला उभा राहिला. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून त्याला जन्मठेप सुनावली. पुढचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. तो तिथेच ठरेल.

मी तुम्हाला निकाल पाठ करायला सांगत नाही. एकच विचारतो. लखनभैया गुंड होता हे धरून चाला. त्याला तुरुंगात घालायला न्यायालयं होती, वकील होते, कायदा होता. सरकारी बंदूक आणि सरकारी पगार घेऊन खून केला त्यांना तुम्ही कोणत्या हक्काने शूर म्हणता? गुंडाने मारलं तर तुम्ही पोलिसांकडे पळता. पोलिसाने मारलं तर कुणाकडे पळणार? सांगा, कुणाकडे?

गप्प का झालात?

"तो गुंड होता म्हणून." हे तुमचं उत्तर मला माहीत आहे. मग अश्विनी बिद्रे कोण होती? कोल्हापूरकडच्या आळत्याची पोरगी. तुमच्यासारखीच खेड्यात वाढली, अभ्यास केला, परीक्षा दिली, सहायक पोलीस निरीक्षक झाली. ११ एप्रिल २०१६ ला ती नाहीशी झाली. मारणारा तिच्याच खात्यातला पोलीस निरीक्षक, अभय कुरुंदकर. घरच्यांनी तक्रार केली, दारं ठोठावली. २६ जानेवारी २०१७ ला काय झालं? त्याच कुरुंदकरचं नाव राष्ट्रपती पदकाच्या यादीत आलं. अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. प्रेत आजतागायत सापडलेलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. नऊ वर्षं. तिचा नवरा आणि भाऊ नऊ वर्षं या खटल्याच्या मागे फिरले.

बाई स्वतः पोलीस अधिकारी, तरी गुन्हा नोंदवायला घरच्यांच्या चपला झिजल्या. खात्याची ही कथा. पण तुमच्याकडची कथा काय होती? टीव्हीवर बातमी चालू असताना तुमच्यातल्याच एकाने विचारलं होतं, "तिचे त्याच्याशी संबंध होते ना?" म्हणजे मेलेल्या बाईची चौकशी आधी, वर्दीतल्या खुन्याची नंतर. असेनात का संबंध! त्याने खून माफ होतो? संबंध ठेवले म्हणून बाईचे तुकडे करायचा परवाना मिळतो?

ही खोड आजची नाही. २६ मार्च १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला उभा राहिला. जिल्हा तेव्हा चंद्रपूर. आरोपी हवालदार तुकाराम आणि शिपाई गणपत. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं, वर मुलीलाच खोटारडी ठरवलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, ती १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, हा मुद्दा मोठा झाला. रात्री पोलीस चौकीचं दार आतून लागलेलं असताना सोळा वर्षांच्या आसपासच्या पोरीने आरडाओरडा करून बोलवायचं कुणाला? पोलिसांना? उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यात असलेल्या बाईवर पोलिसाने किंवा सरकारी माणसाने अत्याचार केला तर किमान दहा वर्षं, इतरांपेक्षा जास्त. संमतीबद्दल बाईचा शब्द आधी धरायचा, तेही तेव्हाच आलं. वर्दी ही सवलत नसून शिक्षा वाढवणारी गोष्ट आहे, हे तेव्हा कायद्यात लिहून घ्यावं लागलं. ते लिहून घेतलं महाराष्ट्रातल्या एका खेड्यातल्या मजूर पोरीच्या नावावर. तुम्ही पोलीस भरतीच्या सामान्य ज्ञानात हे वाचत नाही? वाचा.

माझ्या जातभाईंना, म्हणजे शिक्षकांना, मी सोडतोय असं समजू नका. शिक्षक पात्रता परीक्षेचे गुण पैसे घेऊन वाढवल्याच्या आरोपावरून परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये अटक केली. २०२२ मध्ये परिषदेने सात हजारांहून जास्त उमेदवारांचे निकाल रद्द केले. कोण दोषी ते न्यायालय ठरवील. पण गुण विकत घ्यायला बसलेली ती हजारो मंडळी कोण होती? ती तुमच्या माझ्या घरातली होती. उद्या तुमच्या पोराला प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावणारी होती. मला याची इतकी लाज वाटली की कित्येक दिवस शाळेच्या फाटकातून आत जाताना पाय जड व्हायचे. तुमच्यापैकी कुणाला वाटली?

आता खरं कारण सांगतो, कारण तुम्ही ते सांगणार नाही. केबलचोराकडे तुमचं काही काम नाही. साहेबाकडे आहे. एकाची मोजणी अडकलीय. एकाचा एनएचा कागद अडकलाय. एकाने भावाला न विचारता साठेखत केलंय, ते झाकायचंय. कुणाचं फार्महाऊसवाल्याशी रस्त्याचं भांडण आहे आणि नकाशात रस्ता आपल्या बाजूने सरकवून घ्यायचाय. हिंजवडी वाढली, जमिनीला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून आपल्या मुळशी खोऱ्यात खुर्चीवरचा माणूस म्हणजे तुमचा भागीदार झालाय. भागीदार पकडला गेला की वाईट वाटणारच. त्याला तुम्ही माणुसकी म्हणता. तो स्वार्थ आहे. खाई त्याला खवखवे.

आणि ही माणुसकी एवढीच जागी असेल तर ती पारध्याच्या पालाकडे का जात नाही? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला त्यांना तारेच्या कुंपणात कोंडलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. तुमच्या डोक्यातून कधी जाणार? गावात चोरी झाली की पहिला संशय पालावर. पुरावा लागत नाही, हजेरी लागते. आणि साहेबाच्या बाबतीत पावडर लागलेली बोटं पंचांनी पाहिली, रेकॉर्डिंगमध्ये आवाज आला, तरी तुमचं आपलं, "नक्की खरं असेल का?" एकाला जन्मावरून दोषी आणि दुसऱ्याला खुर्चीवरून निर्दोष. यात न्याय कुठे बसतो?

दोघांनाही एकच माप लावा, एवढंच मागतोय. दोघांचाही गुन्हा सिद्ध होईपर्यंत हात आवरा, तोंडही आवरा. सिद्ध झाला की खुर्चीवाल्याला जास्त जाब विचारा, कारण त्याने गुन्हा केला आणि वर तुमचा विश्वासही मोडला. हे गणित पाचवीच्या पोराला सुटेल.

"सर, सगळेच चोर आहेत. कुणाकुणाला बोलणार?"

हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नका. ही आळशाची पळवाट आहे. सगळेच चोर म्हटलं की कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. सगळेच चोर असते तर त्या बाईच्या तक्रारीवर सापळा कुणी लावला? लखनभैयाच्या प्रकरणात पोलिसांविरुद्ध तपासही एका पोलीस अधिकाऱ्यानेच केला ना? नियमाने नोंद करून देणारा, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पिणारा तलाठी मी पाहिलाय. त्याला तुम्ही काय म्हणायचात? "फार कडक आहे, काही कामाचा नाही." आणि त्याची बदली झाली तेव्हा निरोपाला दहा माणसंसुद्धा जमली नाहीत. मागे लाच घेताना सापडलेल्या दुसऱ्या एका साहेबाला मात्र निलंबन संपून परत आल्यावर हार घालायला तुम्हीच गेला होतात. फोटो आहेत. तुमच्याच भिंतीवर आहेत.

भाईगिरीबद्दलही दोन शब्द. ५ जानेवारी २०२४ ला गुंड शरद मोहोळवर कोथरूडमध्ये भरदिवसा गोळ्या झाडल्या गेल्या. पकडले गेलेले त्याच्याच सोबत वावरणारे होते. त्या रात्री किती जणांनी स्टेटस ठेवले होते ते मला माहीत आहे. म्हणजे गरीब केबलचोर तेवढा तुम्हाला चोर वाटतो. गाड्यांचा ताफा असलेला गुंड भाऊ होतो आणि खुर्ची असलेला साहेब चांगला माणूस होतो. तुमचा राग गुन्ह्यावर नाहीच. तुमचा राग फक्त दुबळ्यावर चालतो. याच मुळशीत १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सरकारने सेनापती बापटांना गुन्हेगार म्हणून तुरुंगात टाकलं आणि इथल्या शेतकऱ्याने त्यांना आपला माणूस मानलं. सरकारी शिक्क्यावरून माणूस जोखायचा नसतो, हे तुमच्या पणज्याला कळत होतं.

इतकं बोलतोय ते तुम्ही नालायक आहात म्हणून नाही. नालायक असतात त्यांच्यावर मी घसा कोरडा करत नाही. तुमच्यात एकजण वकील आहे. दोघेजण कंपनीत हिशेब तपासतात, एका रुपयाचा फरक आला तरी रात्र जागवतात. तीन पोरं स्पर्धा परीक्षा देतायत. त्यांना तर मला वेगळं विचारायचंय: तुम्हाला साहेब व्हायचंय ते कशासाठी? मुलाखतीत सांगायचं उत्तर नको, मला खरं उत्तर द्या. ज्याला आज सापडलेल्या साहेबाची कीव येते, तो उद्या त्या खुर्चीत बसून काय करील? मला याची भीती वाटते. तुम्ही नापास व्हाल ही भीती मला कधीच वाटली नाही.

आता कामाचं. चोरावर खटला भरायला कुणाची परवानगी लागत नाही. लाच घेणाऱ्या सरकारी नोकरावर भरायला त्याच्या वरिष्ठांची मंजुरी लागते. त्यात महिने जातात. मग आरोपपत्र, मग तारखा. तोवर साहेब निलंबनात निर्वाहभत्ता घेत घरी असतो आणि एकेका साक्षीदाराच्या घरी चहाला जाऊन येतो. हे खटले तिथे मरतात. चहाच्या कपात मरतात. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, "मला आठवत नाही." फितूर. बाकी सगळा पुरावा मग लुळा पडतो.

त्या बाईच्या बाजूने साक्ष द्यायची आहे असा एकजण तुमच्यात बसलाय. साहेबाने पैसे मागितले तेव्हा तो शेजारच्या बाकावर होता, त्याने ऐकलंय. त्याचा जबाब झालाय. त्याला शिवाजीनगरच्या कोर्टाचं समन्स येणार आहे. नाव मी घेत नाही, तो माझ्याकडे बघतोय. बाबा रे, तुझी मोजणी अडकलेली आहे, ते मला ठाऊक आहे. साहेबाचा मेव्हणा परवा तुझ्या घरी येऊन गेला, तेही ठाऊक आहे. त्याने मोजणी करून द्यायचं कबूल केलं असेल. मोजणीचा अर्ज तू भूमी अभिलेखला रीतसर भर, फी भर, पावती घे, मी बरोबर येतो. पण तारखेच्या दिवशी कणकण आली, गाडी बंद पडली, पाहुणे आले, यातलं काहीही मला सांगू नकोस. सकाळची पहिली एसटी चुकली तर मी गाडी काढीन. बाईसुद्धा त्याच गाडीत असेल. तिच्या शेजारी बसायचं आणि जे ऐकलंस तेवढंच न्यायाधीशांसमोर सांगायचं.

आणि बाकीच्यांनो, त्या दिवशी टपरीवर बसू नका. कोर्टाच्या बाहेर बाकं असतात. तिथे येऊन बसा.